बळाचे माप

महाराष्ट्रातील व्यायामशाळांच्या भिंतींवर कालिदासाचे एक वचन पुष्कळदा रंगविलेले आढळते. शरीर हे धर्माचे पहिले साधन होय, अशा अर्थाचे ते वचन ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गातील असून संस्कृतचा थोडाबहुत संस्कार झालेल्या बहुतेक सुशिक्षितांस ते पाठ असते. परंतु ते एका श्लोकाचा केवळ शेवटचा चरण आहे, आणि त्याच्या लगत आधीचा चरण कोणत्याही भिंतीवर लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. तप करीत असलेल्या पार्वतीपुढे शिव ब्रह्मचाऱ्याच्या वेषाने येतात आणि तिची विचारपूस करतात. समिधा व दर्भ सहज मिळतात ना, स्नानाजोगे पाणी आहे ना, असे विचारून झाल्यावर ते तिला पुसतात की, तुझे तप तुझ्या स्वतःच्या शक्तीला धरून चालले आहे ना? शरीर हे आद्य साधन, ही उक्ती या प्रश्नाचे समर्थन म्हणून पुढे आलेली आहे. म्हणजे शरीराचा गौरव आणि शक्तीचे माप या दोन गोष्टी कवीने एकाच ठिकाणी सांगितल्या. आपण गौरव भिंतीवर लावला आणि मापाचा विसर पडू दिला.

या विस्मरणाचा परिणाम लहानसा नाही. शरीर हे जर धर्माचे साधन, तर ते कोणाचे शरीर? तालमीत शिरताना जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते रुंद छातीच्या, पिळदार दंडांच्या, शंभर जोर आणि दोनशे बैठका सहज काढणाऱ्या तरुणाचे असते. ज्याचा एक पाय बालपणीच्या पोलिओने वाळला आहे, अपघातात पाठीचा कणा दुखावल्यामुळे ज्याला चाकाच्या खुर्चीत बसून राहावे लागते, ज्याला जन्मापासून दृष्टी नाही किंवा ज्याचे स्नायू मेंदूच्या विकारामुळे ताठ राहतात, त्याचे चित्र त्या जागी आपल्या मनात येत नाही. महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या तासातून सूट मागणारे अर्ज येत असतात. अपंग विद्यार्थ्याचा अर्ज आणि त्याला जोडलेला डॉक्टरांचा दाखला पाहिल्याबरोबर सही होते. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. उलट अर्ज तत्परतेने मंजूर झाला म्हणजे सर्वांस आपण सहृदयतेने वागलो असे समाधान वाटते. परंतु ज्याला त्या तासाची सर्वांहून अधिक गरज होती, नेमका तोच त्यातून मोकळा केला गेला, हा विचार सही करणाराच्या मनास सहसा शिवत नाही.

यावर कोणी म्हणेल की, यात नैतिक प्रश्न तो कोणता? ज्याचे शरीर धड आहे त्याने ते कमवावे. ज्याचे नाही त्याने बुद्धीची, कलेची, ज्ञानाची उपासना करावी. निसर्गाने एक दार बंद केले असता तेथेच डोके आपटीत बसण्यात काय शहाणपण? हा युक्तिवाद वरवर पाहता समंजस वाटतो, आणि तो करणारे लोक बहुधा प्रेमळ असतात. म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे. त्याच्या मुळाशी एक गृहीत गोष्ट आहे. ती ही की, बळाचे माप सर्वांस एकच असते, आणि त्या मापास जो उतरणार नाही त्याला व्यायामाच्या प्रांतात जागा नाही. हे गृहीत जर खोटे ठरले तर सारा युक्तिवादच ढासळतो.

ते खोटे आहे हे पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही प्राचीनांनी ओळखले होते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात मध्यम मार्गाची कल्पना समजावून देताना उदाहरण घेतले ते व्यायामशाळेतील. दहा माप अन्न फार झाले आणि दोन माप थोडे झाले, म्हणून तालीम देणारा गुरू सरसकट सर्वांना सहा माप खा असे सांगत नाही. मायलो या प्रख्यात मल्लाला सहा माप अपुरे होतील, आणि नुकत्याच आलेल्या नवशिक्याला तेच जास्त होतील. गणिताचा मध्य वस्तूवरून ठरतो. आचरणाचा मध्य आचरण करणाऱ्या मनुष्यावरून ठरतो. आपल्याकडे वाग्भटानेही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगितले आहे. हे अर्धे कोणाच्या शक्तीचे? शेजारच्या मल्लाच्या नव्हे, करणाराच्या स्वतःच्या. सुश्रुताने तर अर्धी शक्ती खर्च झाल्याची खूणही देऊन ठेवली आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला म्हणजे थांबावे. खूण करणाराच्या शरीरातच ठेवली आहे. ती पाहण्यासाठी दुसऱ्याच्या शरीराकडे बघण्याचे कारण उरत नाही.

हेच वाग्भट आपल्या ग्रंथात वृद्धाने व्यायाम वर्ज्य करावा असेही सांगतात, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. नियम योग्य असूनही त्याची व्याप्ती आखणारा हात कधी कधी आखडता राहतो. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला गेला. प्रत्येकाचे वजन त्याच्या त्याच्या कमाल शक्तीच्या प्रमाणात ठरविले होते आणि शक्ती वाढेल तसे ते वाढविले जात होते. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांचे बळ सरासरीने जवळजवळ पावणेतीनपट झाले. माप ज्याचे त्याला दिल्यावर वयाची भिंत इतकी पातळ निघाली, तर इतर भिंतींविषयी आपण इतके निःशंक कशाच्या आधारावर असतो?

आता एका ऐतिहासिक गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. वजन क्रमाक्रमाने वाढवीत जाण्याच्या ज्या पद्धतीवर आजच्या जगभरच्या व्यायामशाळा चालतात, तिला शास्त्राचे रूप मिळाले ते जखमी माणसांच्या रुग्णालयात. टॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टराने तरुणपणी संधिवाती ज्वराने अंथरूण धरले होते, आणि वजने उचलून आपले शरीर पुन्हा उभे केले होते. दुसऱ्या महायुद्धात शिकागो येथील लष्करी रुग्णालयात गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दुबळ्या पायांनी पडून राहिलेले सैनिक त्याच्या हाती आले. हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करवून घेण्याची रूढ रीत त्याने बाजूला ठेवली. जे वजन मनुष्य दहा वेळा उचलू शकतो आणि अकराव्या वेळी उचलू शकत नाही, ते त्याचे माप, असा नियम त्याने घातला, आणि ते माप पुनःपुन्हा ठरवून वजन वाढवीत नेले. १९४५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा अपंगांसाठी बळाचा व्यायाम ‘जुळवून घेणे’ ही धट्ट्याकट्ट्यांच्या विद्येला मागाहून लावलेली ठिगळे नव्हेत. त्या विद्येचे अर्वाचीन रूपच मुळी अशा जुळवून घेण्यातून निघाले आहे.

त्याच सुमारास इंग्लंडात दुसरा एक प्रयोग चालू होता. नाझी राजवटीतून १९३९ साली सुटून आलेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टराकडे १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील पाठीच्या कण्याच्या रुग्णांचा विभाग सोपविण्यात आला. त्या काळी कणा तुटलेला मनुष्य म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, असे वैद्य समजत. अंथरुणात पडून झालेली क्षते आणि मूत्रमार्गातील विषबाधा बहुतेकांना नेत असे. त्यांना गुंगीत ठेवून मरू द्यावे, ही त्या वेळची दया होती. गुटमानने त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याची शिस्त घातली, बसते केले, हातांना काम दिले आणि खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचा उद्घाटन-समारंभ चालू असलेल्या दिवशी, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्ये ओढली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो. तिरंदाजीची निवड उगाच केलेली नव्हती; धनुष्य ओढताना खांदे, पाठ आणि बाहू यांनाच सारा भार पेलावा लागतो, आणि त्या माणसांचे पुढचे आयुष्य त्याच अवयवांवर चालावयाचे होते.

पूर्वपक्षाचा पहिला खरा आक्षेप अपायाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो उत्साही वस्ताद अज्ञानाने सर्वांना एकच धडा देतो, तो अपंगाला दुहेरी अपाय करील. खुर्चीची चाके दिवसभर पुढे लोटणाऱ्याचे खांदे आधीच श्रमलेले असतात. त्याला छातीचा व्यायाम आणखी देण्यापेक्षा पाठीकडून ओढण्याचा व्यायाम द्यावा लागतो, नाहीतर खांदा दुखावतो, आणि ज्याचे हातच पाय झाले आहेत त्याचा खांदा दुखावणे म्हणजे त्याचे चालणे बंद होणे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर कण्याला इजा झालेल्या माणसाचा रक्तदाब, घट्ट आवळलेल्या पट्ट्याने किंवा तुंबलेल्या मूत्राशयाने, एकाएकी धोक्याच्या मर्यादेपलीकडे चढू शकतो. अशा इजेत शरीराच्या बऱ्याच भागास घाम येत नाही व उष्णता आत कोंडते. म्हणून घामावरून श्रम ओळखण्याची तालमीतील जुनी खूण तेथे चालत नाही. पोलिओने अर्धवट वाचलेल्या स्नायूंवर अतिभार पडला तर वर्षांनंतर ते अधिकच खचतात.

परंतु या साऱ्या गोष्टींवरून सिद्ध काय होते? व्यायाम देणाऱ्याने शिकले पाहिजे, एवढेच. अपंगाने व्यायाम करू नये, हे नव्हे. अज्ञानी सुताराच्या हातून बोट कापले जाते म्हणून आपण सुतारकाम वर्ज्य ठरवीत नाही. पकड नसलेल्या हाताला मुठीवर चामड्याचा पट्टा बांधून वजन अडकविता येते. धडाला तोल नसेल तर छातीला रुंद पट्टा लावून खुर्चीच्या पाठीशी स्थिर करता येते. पायावर वाळूची लहान पिशवी बांधता येते. रबराची पट्टी खिडकीच्या गजास अडकवून ओढता येते. जोर भिंतीला हात टेकून काढता येतो, बैठक दोन हातांनी मेज धरून अर्धीच मारता येते, लहान मुद्गल बसून फिरविता येतो. अंधाला हवी असते ती वस्तू नेहमी त्याच जागी ठेवण्याची शिस्त आणि बोलून व हात लावून शिकविणारा गुरू. दादरच्या श्रीसमर्थ व्यायाम मंदिरात अंध मुली दोरीच्या मल्लखांबावर आसने करावयास शिकल्या त्या अशाच शिकवणीने. मेंदूच्या विकाराने स्नायू ताठ झालेल्या मुलांकडून वजन उचलविले तर ताठरपणा वाढेल, असे डॉक्टर पुष्कळ वर्षे सांगत असत. १९९० नंतरच्या संशोधनाने दाखविले की, बळ वाढते आणि ताठरपणा वाढत नाही. म्हणजे एका पिढीतील मुलांना सद्हेतूने आणि चुकीच्या समजुतीने दुबळे ठेवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात अपंग प्रौढांसाठीही आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे.

दुसरा आक्षेप हेतूचा. व्यंग तर जावयाचे नाही, मग हे श्रम कशासाठी? या प्रश्नात बळाचा उपयोग आणि शरीराची पूर्णता यांची गल्लत झाली आहे. ज्याच्या कमरेखाली शक्ती नाही अशा मनुष्याला खाटेवरून खुर्चीत जावयाचे असेल तर त्याने केवळ दोन हातांवर सारे शरीर उचलावे लागते. दंडांत तेवढे बळ आले तर तो सकाळी आपल्या इच्छेने उठतो. नसेल तर दुसरे कोणी मोकळे होईपर्यंत छताकडे पाहत पडून राहतो. बसल्या जागी दर थोड्या वेळाने अंग उचलण्याइतके बळ असेल तर कातडीला क्षते पडत नाहीत, आणि ती क्षते पुष्कळांच्या जिवावर बेतलेली आहेत. कोणाला भेटावयास जावे, कधी नहावे, पावसाच्या सरीत खिडकी आपण लावावी की हाक मारावी, या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींनीच मनुष्याचे स्वातंत्र्य बनलेले असते. ज्याला त्या सहज साध्य असतात त्याला त्यांचे मोल कळत नाही. चार शेर बळ अधिक आले म्हणून धडधाकट तरुणाच्या आयुष्यात काही पालट होत नाही. अपंगाच्या आयुष्यात तेवढ्याने घराचा उंबरठा ओलांडता येतो.

येथे दयेच्या स्वरूपाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. आपल्या कुटुंबांत अपंग मुलाला जे प्रेम मिळते ते पुष्कळदा त्याच्या हातचे काम काढून घेण्याच्या रूपाने मिळते. “तू बस, आम्ही करतो” हे वाक्य आई म्हणते, थोरली बहीण म्हणते, पुढे सून म्हणते. या वाक्यात माया आहे यात शंका नाही. परंतु ते रोज ऐकणाऱ्याला हळूहळू असे वाटू लागते की, आपण करावयाचे असे जगात काही उरलेच नाही. श्रम करणे, थकणे, अपयश येणे, पुन्हा उभे राहणे, किंचित धोका पत्करणे, यांतून मनुष्याला स्वतःची ओळख पटते. पडेल या भयाने मुलाला कधी चालूच दिले नाही तर त्याचे रक्षण झाले असे आपण म्हणत नाही. मग अपंगाच्या बाबतीत तेच आपण पुण्य का समजतो? माझ्या मते, दुसऱ्याचे दुःख हलके करणे ही दया होय; त्याचा पुरुषार्थ हलका करणे ही दया नव्हे, मग करणाराचे मन कितीही कोमल असो.

परंतु या ठिकाणी दुसऱ्या टोकास जाण्याचा मोह टाळला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. लहानपणी पोलिओ झालेल्या राजिंदरसिंग राहेलूंनी २००४ साली अथेन्स येथे बसकणीवर उताणे पडून वजन उचलण्याच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्याच प्रकारात इराणच्या सियामंद रहमानने २०१६ साली ३१० किलो वजन उचलले. ही चरित्रे वंदनीय आहेत. पण त्यांचा एक दुरुपयोग होतो. “ते करू शकले, मग तू का नाही?” असे म्हणून आपण एक नवेच सरसकट माप उभारतो. धट्ट्याकट्ट्या माणसाला आपण कधी मल्ल का झाला नाहीस म्हणून दोष देत नाही. अपंगाने मात्र एकतर दयेस पात्र असावे किंवा विस्मयास, मधली साधी माणसाची जागा त्याला नाही, असा जणू आपला संकेत झाला आहे. ज्याने सहा महिने खटपट करून एक शेराचे वजन खांद्यापर्यंत उचलले, त्याने आपल्या मापाने तेच केले जे रहमानने केले. आणि ज्याला व्यायामाची आवडच नाही, त्याला इतर आळशी माणसांइतकाच आळसाचा अधिकार आहे. मात्र तो आळस त्याने निवडलेला असावा. दार बंद असल्यामुळे पदरी पडलेला नसावा.

स्वावलंबन या शब्दाविषयीही असाच विवेक हवा. व्यायामाने मनुष्य कोणाच्याही मदतीवाचून जगू लागेल, अशी आशा दाखविणे खोटेपणाचे आहे. पट्टा बांधावयास दुसऱ्याचा हात लागेल, खुर्ची धरावयास कोणी लागेल. पण बलाढ्य मल्लसुद्धा मोठे वजन छातीवर घेतो तेव्हा त्याच्या डोक्याशी एक जण उभा असतोच, आणि अंगाला तेल चोळावयास व डाव सांगावयास वस्ताद असल्याखेरीज कोणी पहिलवान झाल्याचे ऐकिवात नाही. त्या मदतीने पहिलवानाचे बळ उसने ठरत नाही. मग अपंगाचे का ठरावे? मदत आणि लाचारी यांतील भेद मदत करणाऱ्याच्या हातांवरून ठरत नाही. श्रमाचा कर्ता कोण राहतो यावरून ठरतो.

२०१६ साली आपल्या देशात अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली गेली आणि खेळांविषयी स्वतंत्र कलम घातले गेले. सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ असा शब्दही रूढ झाला. २०११ च्या खानेसुमारीत अशा माणसांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली होती. नाव बदलण्यास खर्च पडत नाही; व्यायामशाळेच्या तीन पायऱ्यांना लागून उतार बांधावयाचा तर थोडा पडतो, आणि तेथील शिक्षकाने नवे शास्त्र शिकावयाचे तर त्याहून अधिक. म्हणून नाव बदलते आणि पायऱ्या तशाच राहतात. कायदा दार उघडण्याची आज्ञा देऊ शकतो, आत आलेल्या माणसाला “तुझे माप काय?” असे आदराने विचारण्याची वृत्ती तो निर्माण करू शकत नाही. ती घराघरांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून यावी लागेल. पुढच्या खेपेस सवलतीचा अर्ज पुढे आला म्हणजे त्यावर सही करण्यापूर्वी अर्जदाराला जवळ बसवून, तासातून सुटका हवी आहे की तासात जागा हवी आहे, एवढे पुसावे. बहुतेकांना हा प्रश्न आयुष्यात कोणी घातलेलाच नसेल.